मंगेशले विचारा

तुम्ही म्हणता ना, गेलेल्या माणसाचं नाव लवकर पुसल्या जाते. मंग आमच्या मंगेशचं ऐका.

सौंसरात आम्ही दोघं संत्र्याच्या व्यापाऱ्यायसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. नवा व्यापारी आला का कोड हातानं लिहा लागत नव्हता. मंगेशनं एक साचा करून ठेवला होता. त्यात व्यापाऱ्याचं नाव-गाव टाकलं का कोडच्या सगळ्या फायली आपोआप निघत. हरेक फायलीच्या डोक्यावर त्याची एक ओळ येई : 'काही अडलं तं मंगेशले विचारा.'

मंगेश रामाकोन्याच्या रस्त्यावर अॅक्सिडेंटमध्ये गेला. त्याच्या जागी बोरगावची पल्लवी आली. एक दिवस म्हणते, "दादा, मंगेशभाऊचा नंबर द्या ना. मी अडून राहिली."

मंगेश आता नाही, हे मी सांगितलं. दिवसभर बसून तिनं एकेका फायलीतून ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी साचा पुन्हा चालवला, तं सगळ्या फायलीत मंगेश परत.

"दादा, मी तं काढलं होतं," म्हणताना ती रडकुंडीले आली.

"फायलीतून काढून तो जात नाही, पल्लवी. तो साच्यात हाये."

"मंग साच्यातून काढू?"

माझ्या तोंडून हो निघालं नाही. "तुले बरोबर वाटते ते कर," म्हटलं, अन् बाहेर जाऊन उभा राह्यलो.

आता नवी फाइल निघाली का तिच्या डोक्यावर दोन ओळी असतात. 'काही अडलं तं मंगेशले विचारा. तो नाही भेटला तं पल्लवी हाये.'