न धुवायची पँट

(कपडे धुण्याच्या दुकानाची मागची खोली. दोघी बहिणी कपडे लावताहेत. थोरलीच्या हातात इस्त्री.)

धाकटी : आणि ही कुणाची? चिठ्ठीवर नाव नाही, नुसतं ‘धुवायची नाही’. धुलाईच्या दुकानात न धुवायची पँट म्हणजे कमालच झाली.

थोरली : ठेव ती जागेवर.

धाकटी : थांब. ही बाबांची. सहलीला बोटीवर नेलेली.

थोरली : हलवू नकोस गं, वाळू सांडेल.

धाकटी : कसली वाळू?

थोरली : त्या बेटावरची. पाण्यात शिरताना त्यांनी पँटचे पाय वर दुमडले होते, त्या दुमडीत राहिली. घरी आल्यावर मी धुवायला घेतली, तर म्हणाले, ही राहू दे अशीच.

धाकटी : बाबा म्हणाले? जन्मभर लोकांचे डाग काढले त्यांनी.

थोरली : म्हणून तर मीही विचारलं नाही.

धाकटी : वा. बेट तुझं, बेटाच्या गोष्टी तुझ्या, आणि आता वाळूही तुझीच.

थोरली : सुरू झालीस?

धाकटी : हो, झाले. जळते मी तुझ्यावर, सरळ सांगते. आईला बोट लागली, तर बोटीवरच्या खोलीत तिच्या उशाशी मी, आणि बाबांबरोबर बेटावर तू. तू काय म्हणालीस आठवतं? “तू लहान आहेस, तुला पुढे कितीतरी सहली.” पुढे बाबा होते का माझ्या सहलीला?

थोरली : ते मला तेव्हा काय ठाऊक?

धाकटी : आणि वर पाहुणे आले की तुझी टकळी सुरू. बाबा पहिल्यांदा समुद्रात कसे उतरले, शहाळं अंगावर कसं सांडलं. दर वेळी थोडं तिखटमीठ जास्त. मी आपली चहाचे कप उचलते.

थोरली : एक गोष्ट नाही सांगत मी कुणाला.

धाकटी : एवढं शिल्लक ठेवलंस?

थोरली : पाण्यात ते जेमतेम घोटाभर उतरले. बाकी सगळा वेळ काठावर, बोटीकडे तोंड करून. मी म्हणते, चला, झाडांपलीकडे फिरून येऊ. तर म्हणे, धाकटी कुठल्या खिडकीत असेल?

धाकटी : उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

थोरली : तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही केलंय? मी म्हटलं, आपली खोली पलीकडच्या अंगाला आहे, इकडून दिसायची नाही. म्हणाले, असू दे, बाहेर येईल ती. तिला कुठे खोलीत करमतं. आणि हलवत बसले टॉवेल. हात दुखला की दुसऱ्या हाताने. त्यांच्याबरोबर आलेली मी, शेजारी उभी मी, आणि लक्ष सगळं तुझ्याकडे. इतका राग आला होता मला तुझा. अजून येतो.

धाकटी : कुठला टॉवेल?

थोरली : अं?

धाकटी : बोटीवरचे सगळे निळे होते.

थोरली : तो त्यातला नव्हता. माझा, घरून नेलेला. लाल.

धाकटी : लाल?

थोरली : हो. काय झालं?

धाकटी : आले होते मी बाहेर. आईचा डोळा लागला, तेव्हा. कठड्याशी. माणसं म्हणजे नुसत्या मुंग्या, पण लाल टॉवेल दिसला.

थोरली : मग?

धाकटी : मला वाटलं, तूच. मुद्दाम दाखवतेयस, बघ, मी इथे आहे.

थोरली : मग तू काय केलंस?

धाकटी : पाठ फिरवली आणि आत गेले. ताई, त्यांना दिसलं असेल का गं?

थोरली : तू पिवळा ड्रेस घातला होतास त्या दिवशी?

धाकटी : हो.

थोरली : वरच्या मजल्यावर एक पिवळा ठिपका आला आणि गेला. मी म्हटलं, कुणी का असेना. ते मात्र खूश. टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, झालं, पाहिलं तिने. आता चल, कुठे जायचं तुला?

(धाकटी डोळे पुसते.)

थोरली : अगं, रडतेस काय? आण ती पँट इकडे.

धाकटी : नको. मी लावते. सांडणार नाही.