सोळावा सोमवार आणि शिडीवरचा बुटका

आमच्या ह्यांच्या त्या भिकार व्हिडिओ गेमचं कौतुक मला तरी सांगू नका. माझा सोळावा सोमवार होता, आणि बेल आणायला गेलेले हे महाड स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये सापडले. बेलाची पुडी काखेत, हात मशीनवर. एक बुटका शिड्या चढतो, वरून दगड पडतात, बस. त्या मशीनला दुसरं कुणी शिवतही नसे.

"पूजा खोळंबलीय. या वयात शोभतं का हे?"

"थांब गो, शेवटचा जीव हाय. मेलो तर परत पहिल्या शिडीपासून."

"मग चढा परत. त्यात काय एवढं?"

"बाराव्या सोमवारी तू आमटीचं मीठ चाखलंस नि परत पहिल्यापासून सोमवार धरलेस. तेव्हा मी म्हटलं होतं, त्यात काय एवढं?"

मी पुडी ओढून घेतली.

"वर बघा," म्हटलं, "दगड येतोय."