तपासणीच्या दिवशीचा वर्ग

लोह्याच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर बी.एड. कॉलेजातले दोन प्राध्यापक बोलत होते.

“मी रजेवर होतो. समितीचं काय झालं, रेणुकादास सर?”

“दर्जा तपासायला आले, तर वर्ग रिकामा. मग शेजारच्या नीटच्या क्लासमधल्या पोरी आणून बसवल्या. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, पुढं काय होणार? सगळ्या म्हणाल्या, डॉक्टर.”

“शिक्षिका म्हणा, असं सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं होतं. लाज वाटली म्हणे.”

“अन् आपले विद्यार्थी कुठं होते?”

“हेच अध्यक्षांनी विचारलं. एक पोरगी म्हणाली, ते आमच्या क्लासमध्ये शिकवून राहिले, लई चांगलं शिकवतात.”

“गेली मग आपली श्रेणी.”

“काय माहीत. अध्यक्षांनी नातवासाठी क्लासचा पत्ता मागितला.”

“दिला का?”

“दिला की. संध्याकाळी फिजिक्स मीच घेतो तिथं.”