दरवर्षी एकदा तपासणी

ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरातल्या त्या दुकानात मी चार्जर बदलून घ्यायला रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची मुलगी. काउंटरवर तिचा नवा लॅपटॉप, पलीकडे दुकानातला पोरगा.

“हाजी, आणखी तीन वर्षांची वॉरंटी टाकू?”

“का रे? वर्षभरात मोडणारी वस्तू विकतोस?”

“तसं नाही हो. पडला, पाणी सांडलं, कॉफी सांडली, तरी आम्ही दुरुस्त करून देतो.”

“आणि जैतुनाचं तेल?”

“बाबा! बॅगेत तेलाचे डबे नेणार नाही म्हटलंय ना मी. आणि वॉरंटी नकोच. पुढच्या आठवड्यात मी जर्मनीत असेन, तिथे हिला कोण विचारतंय?”

“ऐकलंस? हिशेबात माझ्यावर गेलीय. चल, बिल कर. आणि ती पिशवी फुकट दे.”

“देतो. खरं सांगू, ताईंना वॉरंटीचा उपयोगच नाही. ही फक्त आमच्याच दुकानात चालते. शिवाय दरवर्षी एकदा लॅपटॉप इथे आणून तपासून घ्यावा लागतो, नाहीतर रद्द होते.”

“दरवर्षी?”

“हो, हाजी.”

“कुणाच्या हाती पाठवला तर?”

“नाही चालत. ज्याच्या नावावर आहे, त्यानेच यायचं.”

“कधी?”

“कधीही. बरेच जण ईदच्या सुट्टीत येतात.”

“बाबा, चला ना, मागे लोक खोळंबलेत.”

“थांब गं. टाक रे वॉरंटी. हिच्या नावावर टाक.”

“अहो बाबा, आत्ताच तर तो म्हणाला—”

“ऐकलं मी. काय रे, तीनच वर्षांची मिळते?”