घोळाला लागलेला चेंडू

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर पेंगेली, व्यासपीठावरील पाद्रीसाहेब, आपल्या टेनिस क्लबाचे आजीमाजी सभासद, आणि उद्या ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती लव्हडे कार्न,

लव्हडेबद्दल चार शब्द बोलण्याचं काम समितीनं माझ्यावरच का सोपवलं? तर एकोणीसशे आठ साली, याच हिरवळीवर, महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात मी तिला हरवलं म्हणून. विजेत्यांच्या फलकावर माझं नाव आहेच: बर्था ट्रेगियर.

मंडळी, ते नाव तिथं खोटं आहे. (पाद्रीसाहेब, जपून, चहा सांडेल.)

तिसरा सेट होता. लव्हडेला जिंकायला एकच गुण हवा होता. तिनं असा फटका हाणला की चेंडू माझ्या बाजूनं सूं करत रेषेपलीकडे पडला. पंच ओरडले, "बाहेर!" पण जाताजाता तो माझ्या झग्याच्या घोळाला चाटून गेला होता. तेव्हाचे आमचे झगे आठवतात ना? निम्मी हिरवळ झाडून निघायची! चेंडू कपड्याला लागला की गुण समोरचीचा. म्हणजे सामना तिथंच संपला होता. मला ते कळलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. पुढचे गुण घेतले, चषकही घेतला. अठरा वर्षं त्या चषकावरची धूळ मी कुणाला पुसू दिली नाही, स्वतःही पुसली नाही.

आज सकाळी लव्हडेकडे गेले. ती ट्रंक भरत होती. सगळं सांगून टाकलं. ती ट्रंकेवर बसत म्हणाली,

"माहीत होतं गं. घोळ हलताना दिसला होता मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. पहिली दोन वर्षं तर तुझ्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या."

"आणि मग?"

"मग माझा नवरा गेला. तू महिनाभर रोज डबा घेऊन यायचीस. वाटायचं, ही बया त्या चेंडूपायी येतेय. नंतर कळलं, मी एकटी जेवते हे तुला बघवत नव्हतं. आता रडू नकोस. ये, तूही बस, झाकण लागत नाहीये!"

बसले. झाकण लागलं. आत चषकही आहे.

उद्या रंगारी फलकावरचं नाव बदलेल. समितीला मी विचारलेलं नाही. आज दुपारी मात्र कितीतरी वर्षांनी केशरी केकची चव लागली. तो करणाऱ्या भगिनींचे, आणि एवढं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठं तोल सुटला असेल तर पोटात घाला. मोठ्या चुकीची क्षमा आपल्याकडे मागत नाही. ती मला सकाळीच मिळाली.