मधूची बुटकी मोटार

…नाही हो, पण माणसं बसणार कुठे? साधा प्रश्न विचारला मी, तर आमचा मेहुणा माझ्याकडे असा बघतो, जसा काही मी चपला घालून देवळात शिरलोय! तुम्हाला सांगतो, सरकारी कचेरीतली कायमची नोकरी, हो, पेन्शनीची, ती सोडून मी ह्या मधूच्या नादी लागलो आणि बाळकुमला मोटारींच्या बॉड्या बांधायचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, आणि शेडीत लढाई संपल्यावर कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातून लिलावात उचललेली जीप. तिच्यावर चौकोनी, ऐसपैस बॉडी चढवायची आणि ती कल्याणच्या अण्णांना दाखवायची. अण्णा मूळचे जुन्नरकडचे, स्टेशनावर त्यांच्या भाड्याच्या मोटारी असतात, आणखी सहा हव्या होत्या… ऑर्डर मिळाली तर कारखाना, नाहीतर मी पुन्हा साहेबाच्या टेबलापुढे! "या त्र्यंबकराव! आलात परत? उडून झालं?"

आणि मधूनं बांधलं काय? नाक हे एवढं लांब, पाठ उतरती, मागे दोन पंख, आणि छप्पर… छप्पर माझ्या छातीला लागतं! "भावोजी, ही उद्याची मोटार आहे!" अरे बाबा, पण गिऱ्हाईक आजचं आहे ना? माणसं बसणार कुठे? धोतर आहे, नऊवारी आहे, डोक्यावर टोपी आहे, मांडीवर पोर आहे, पोराच्या हातात लाडवाचा डबा आहे! तर म्हणतो कसा, "लोकांनी थोडं वाकायला शिकलं पाहिजे." घ्या! आणि आमची वासंती, तिचा भाऊच तो, ती कशाला माझी बाजू घेतेय? "अहो, किती छान दिसतेय! तुम्हाला ना, मेलं कशाचंच कौतुक नाही." कौतुक? मी फूटपट्टी घेऊन छप्पर मोजत बसलो होतो!

अण्णा आले. गाडीभोवती फिरले, पंखांवरून हात फिरवला, नाकावर टिचकी मारली, आणि आत? आत डोकावलेसुद्धा नाहीत! "त्र्यंबकराव, गाडी फस्कलास! आमच्या पोपटची वरात हिच्यातनंच काढायची. गावाला पसंत पडली, की सहाच्या सहा तुमच्याकडं!" मधूचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अण्णा, पण माणसं… तर माझी पाठ थोपटून निघून गेले.

आता हा पोपट म्हणजे अण्णांचा मुलगा. नाव पोपट, पण देह… राहू दे. वरातीच्या दिवशी डोक्यावर फेटा, फेट्याला तुरा, कपाळाला मुंडावळ्या. मोटारीच्या दारात वाकला आणि फेटा अडकला. मी हळूच म्हटलं, फेटा जरा काढला तर… "खबरदार!" वरमाई रंगूबाई कडाडल्या. "नवऱ्याचा फेटा उतरवत्यात व्हय?" मग तिरका घातला, तर तुरा मोडायला आला. पाय आधी घातले, तर पोट अडकलं. नवरी बिचारी कलावती खाली मान घालून उभी, हसतेय की रडतेय कळेना. बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवतायत, मी घामाघूम, आणि गर्दीतून कुणीतरी मामा ओरडला, "आरं, वर बसवा की!" आणि बसवलं हो! दोघांना! त्या लांबलचक नाकावर, सतरंजी अंथरून! मधू किंचाळतोय, "अहो, ते बॉनेट आहे, बॉनेट!" ऐकतो कोण?

बरं, चालवणार कोण? मधू रडतोय, म्हणजे मीच! मान मोडून आत शिरलो, समोर काचेतून बघतो तर काय? पोपटची पाठ! इकडे शेला, तिकडे शालू… रस्ता कुठाय? कुणी चाकाखाली आलं तर? नवरी घसरली तर? नोकरी राहिली बाजूला, सरळ तुरुंगच की! त्यात बँडच्या चालीनं जायचं. चार पावलं, थांबा, नाचा, पुन्हा चार पावलं. इंजिन तापलं. इंजिन तापलं की बॉनेट तापणार, आणि बॉनेटवर कोण? "आई गं, भाजतंय!" "गप बस, फोटो काढत्यात!" आणि भर बाजारपेठेत एक आचका… इंजिन बंद. संपलं! मी डोळे मिटले, साहेब दिसला.

आणि गाडी चालतेय! इंजिन बंद, आणि गाडी चालतेय! वळून बघतो तर वऱ्हाडी पंख धरून ढकलतायत, खिदळतायत, पोरीबाळी फुलं उधळतायत, आणि माडीवरच्या बायका ओणवून, "कित्ती बाई शोभतंय जोडपं! एरवी मोटारीत नवरी दिसते तरी का?"

दुसऱ्या दिवशी अण्णा शेडीत हजर. मी हात जोडून म्हणणार, अण्णा, चुकलं, तोच ते म्हणाले, "सहा बांधा! अश्शाच! वरातीला भाड्यानं द्यायच्या! नाक लांब पाहिजे, पंख पाहिजेत, ढकलायला लई बरे पडतात. आत बसायचं काय बी नको." मधू चाचरत म्हणाला, "आणि… इंजिन?" "इंजिन कशाला? भाजतं!"

मधूनं अंथरूण धरलं. मी? मी ऑर्डर घेतली! काय करणार, नोकरी सोडून बसलो होतो! आता वासंती आमच्या डोंबिवलीभर सांगत फिरते, "ह्यांचा मोटारींचा कारखाना आहे." आहे ना! खोटं कुठंय? आम्ही फक्त बांधतो… चालवायचं ते लोक बघून घेतात!