दीड तासाचा उपास

विमान लेट झालं की तुमी शिव्या देता. मी पन्नास वर्षांपासून एका लेट विमानाचे उपकार मानून राह्यलो.

माहा बाप आमच्या गावी, किन्हीराजाले राहे. घरचं माणूस गावाले निघालं, की ते पोचेपर्यंत तो जेवत नसे. मी नागपूरले नोकरीले. कामासाठी रेल्वेनं मुंबईले निघालो, की तिकडे बापाचा सोळा तास उपास.

एकदा साहेबानं विमानाचं तिकीट देलं. मी गावी जाऊन सांगितलं, "बा, सोमवारी सकाळी आठले निघतो, साडेनऊले मुंबईत."

"पाचशे मैल दीड तासात? कायले फेकतं?"

"तिकिटावर छापलं हाय, बा."

"छापलं हाय? मंग खरंच असन."

सोमवारी विमान बिघडलं. मुंबईले पोचलो तवा दिवस बुडला होता. विमान बिघडल्याचं बापाच्या कानावर गेलं असन, तो उपाशी बसला असन, म्हणून मीही दिवसभर जेवलो नाही.

पुढं गावी गेलो, तर बाप खुश. "साडेनऊ झाले अन् तुह्या मायले म्हटलं, वाढ! गरम भाकर खाल्ली गा. टायमावर पोचला ना?"

"एकदम टायमावर, बा."

त्याच्यानंतर साहेबानं कधी विमानाचं तिकीट देलं नाही. बाप होता तोपर्यंत मी मुंबईले रेल्वेनंच गेलो, पण निघायच्या आधी बापाले दर खेपेले विमानानंच जातो म्हणून सांगितलं.